तपासणीच्या दिवशी घरी ठेवलेली पोरं

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत बसलो होतो, पण बसलो एवढंच. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांनी खुशाल दुरुस्त करावं. म्हणणं मात्र दुरुस्त करू नये. मागं एका अंकात माझ्याविषयी चार ओळी छापून आल्या, त्यात मला 'आरोग्यदूत' करून टाकलं होतं. मी ड्रायव्हर आहे. लहान पोरांची तपासणी करणाऱ्या पथकाची गाडी मी बारामती आणि इंदापूर तालुक्यात चालवली आणि चांगली चालवली. तेवढं पुरे.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्याला शेवटपर्यंत वाटत होतं की आम्ही पोलिओचे थेंब पाजत फिरतो. पथकात एक डॉक्टर मॅडम, एक शबाना सिस्टर आणि गाडीसकट मी. औषधवाला कधी असायचा, कधी जागा रिकामी. अंगणवाडीत जायचं, पोरांचं वजन, उंची, डोळे, दात, छाती बघायची. इथवर सगळ्यांना कळतं. पुढचं कळत नाही. पोरगं वयाच्या मानानं मागं पडतंय का, हेही बघायचं असतं. वेळेवर चाललं का, बोटानं दाखवतं का, हाकेला वळतं का, बोलतं का. असलं पोर आजारी नसतं. खातं, खेळतं, गुटगुटीत असतं. म्हणून आईबापाला काही खुपत नाही, आणि खुपलं तरी ते परक्याला सांगत नाहीत.

ह्यात एक खुबी आहे. "पोरगं बोलतं का?" असं आईला विचारायचंच नाही. आई म्हणणार, "सगळं बोलतं." मॅडम विचारायच्या, "तहान लागली की काय करतो?" मग आई कौतुकानं सांगायची, "माझा हात धरून माठापाशी नेतो की. लई हुशार हाय." मॅडम मान हलवायच्या आणि पेन उचलायच्या. भरल्या घरात तर हे अजून अवघड. चुलत्या, आत्या, आज्या, कुणी ना कुणी पोराच्या तोंडाकडं बघून त्याला काय पाहिजे ते आधीच आणून देतं. पोराला बोलायची गरजच पडत नाही, आणि ते बोलत नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्यांची माया खोटी नसते. मायेपायीच दिसत नाही.

उलटंही व्हायचं. कळस गावाला एक पोरगं मॅडमपुढं तोंड उघडेना. चित्र दाखवलं, गप. नाव विचारलं, गप. बिस्कीट दिलं, ते खाल्लं आणि गप. मॅडम त्याला बारामतीला पाठवायचा कागद लिहायला बसल्या. तेवढ्यात मी बाहेर गाडी जरा पुढं घेतली, तर त्याची लाकडी बैलगाडी चाकाखाली गेली. त्यानं पायरीवर उभं राहून माझ्या आईपासून सुरुवात केली आणि आज्यापर्यंत पोचला. एक शिवी दुसऱ्यांदा आली नाही. मॅडमनी कागद फाडला. म्हणाल्या, "काका, भाषा पूर्ण आहे."

असे दिवस थोडे. बाकी वर्षानुवर्षं एकच ऐकलं, "आमच्या हितं सगळं बरं हाय." गाव बदलायचं, वाक्य नाही. उन्हात गाडी तापलेली, मॅडमचा घसा बसलेला, सिस्टर वजनकाटा खांद्याला अडकवून चालल्यात, आणि दारातून आम्ही काही विकायला आल्यासारखी उत्तरं. पुढं पुढं मला गावाची कमान दिसली तरी अंग जड व्हायचं.

आणि एक चाल होती, ती मला उशिरा कळली. तपासणीच्या आदल्या दिवशी सेविकाबाई घरोघरी निरोप द्यायच्या, उद्या पोरांना आंघोळ घालून पाठवा. त्याच वेळी एकदोन घरांत हळूच सांगायच्या, तुमचं उद्या राहू द्या घरीच. पाहुणे यायचे म्हटल्यावर फुटका कप फळीच्या मागं ठेवतात, त्यातलाच प्रकार. सेविकेला वाटायचं, अंगणवाडीचं नाव जाईल. घरच्यांना वाटायचं, गावात बोभाटा होईल, उद्या थोरल्या पोरीचं लगीन अडेल. दोघांचं साधायचं. तपासणी मग फक्त चांगल्या पोरांची व्हायची.

वरकुट्याला असंच एक पोरगं दर फेरीला घरी राहिलं. थेट पहिलीत बसल्यावर शाळेच्या तपासणीत मॅडमच्या हाती लागलं. सहा वर्षांचं, आणि चार शब्द. त्याची आजी सांगत होती, "पोपटानं उष्टावलेला पेरू रोज देते की त्याला. बोलंल आता." पेरूची बाग घरचीच, पोपटांना तोटा नव्हता. म्हातारीनं पहाटे उठून, टोचलेले पेरू हुडकून, तीन वर्षं पोराला भरवले होते. मॅडम तिला रागावल्या नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "एवढीच मेहनत हिनं अडीच वर्षाचा असताना माझ्याकडं आणायला घेतली असती तर."

आता जिच्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट.

अंथुर्ण्याच्या पुढं कालव्याकडेला एक वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीचं काम उरकलं होतं. सेविका मंगलताई, बाई कामाला चोख, तिच्या वह्या आरशासारख्या. सगळी पोरं पास. मी गाडी वळवायला मागं घेत होतो. मागं घेताना आमची गाडी किंचाळायची, पार कालव्यापलीकडं ऐकू जाईल अशी. आरशात बघतो तर चाकामागं हातभर अंतरावर एक पोरगी उकिडवी बसून खडे रचतीय. मी ब्रेकवर उभाच राहिलो. हॉर्न दिला. ती हलली नाही. काच खाली करून ओरडलो. ती हलली नाही. चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलं, पण हॉर्नला न हलणारं पोर बघितलं नव्हतं. खाली उतरलो ते कान उपटायच्याच इराद्यानं. माझी सावली खड्यांवर पडली तशी तिनं वर बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसली.

मी तिला उचलून आत नेलं आणि टेबलावर बसवली. "मॅडम, हिला बघा."

मंगलताई पुढं झाल्या. वस्त्यांवर मला आबा म्हणतात. "ती आमची न्हाय, आबा. पाव्हणी हाय. मामाच्या गावाला आलीया."

"कुणाची पाव्हणी?"

"हाय अशीच एकांची."

शबाना सिस्टर सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "ताई, पाव्हणीच्या पायात घरातली चप्पल असती व्हय? एका पायात आज्याची, एका पायात आईची." खरंच तसं होतं. मंगलताईंनी मान खाली घातली.

पोरगीचं नाव ईश्वरी, वय अडीच वर्षं. आई पूनम, बाप साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर, तो सीझनभर घरी नसायचा. घरात सत्ता आज्याची. सोपानतात्या. पांढरं धोतर, वर टोपी, आणि दिवसाला मोजून बोलणारा माणूस. आम्ही त्यांच्या ओट्यावर गेलो तर म्हणाले, "पोरगी भैरी न्हाय. जड जिभेची हाय. तिचा बाप बी उशिरा बोलला."

पूनम आतून म्हणाली, "ऐकती ओ. मामंजींचा ट्रॅक्टर आला की आमच्या सगळ्यांच्या आदी पळत सुटती."

"ट्रॅक्टर इथून दिसतो?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय. कालव्याची चारी ओलांडून वळला की मग दिसतो. ही त्याच्या आदीच उठती."

खरं सांगायचं तर मीही मनात म्हटलं, मग झालं की. मॅडम म्हणाल्या, "तात्या, जरा ट्रॅक्टर आणून दाखवता का?"

तात्या गेले. पूनम बाजेवर बसली, ईश्वरी तिच्या मांडीवर पदराशी खेळत. पायरीपाशी कुत्रं झोपलेलं, टायग्या. लांबून इंजिनाचा आवाज आला तसे टायग्याचे कान उभे राहिले. तो उठला आणि पळाला. पोरगी मांडीवरून घसरून त्याच्यामागं. मग ट्रॅक्टर वळला.

तात्यांनी उतरून टोपी सारखी केली. "बगितलं? आता म्हणा भैरी."

मॅडम म्हणाल्या, "आता कुत्रं गोठ्यात बांधा आणि परत एकदा आणा."

"कुत्र्याचा काय संबंध?"

"बांधून तर बघा."

तात्या कुरकुरत गेले. ह्या वेळी त्यांनी चारीपासूनच हॉर्न धरला. टायग्या गोठ्यात दावं तोडायला बघत होता. ट्रॅक्टर अंगणात येऊन उभा राहिला, आमच्यापासून चार हातांवर, धडधडत. ईश्वरी पाठमोरी, आईच्या पदराची दशी बोटाला गुंडाळत होती. तात्यांनी हाक मारली, "ईसू." पोरीनं दशी सोडवली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

मला वाटलं आता उतरतील. त्यांनी ट्रॅक्टर वळवला आणि परत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. परत आले, तसाच हॉर्न धरून. पूनमनं पोरीच्या डोक्यावर तोंड टेकलं होतं. पोरीचं खेळणं चालूच. मग त्यांनी इंजिन बंद केलं, पण सीटवरून उतरले नाहीत.

"कुत्रं सोडा रं त्ये," म्हणाले. "वरडतंय उगंच."

मॅडमनी मग ओट्यावर बसून नीट सांगितलं. कान ऐकत नाहीत म्हणून जीभ चालत नाही, जिभेत काही खोट नाही. पुण्याला मोठी तपासणी करायची, पोरीला झोपवून डोक्याला तारा लावून कान किती ऐकतो ते बघतात. आधी कानाची मशीन, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन. ते सरकारी योजनेत बसतं. पण वय थांबत नाही. लहानपणी मेंदू बोलणं शिकायला मोकळा असतो. ते दिवस गेले की आवाज आला तरी त्याची भाषा होत नाही. "एकेक महिना मोलाचा आहे," त्या म्हणाल्या. तात्यांनी मान हलवली. हो म्हटलं का नाही म्हटलं, ते कळलं नाही.

पुण्याची तारीख मिळाली. त्या सकाळी मी आणि सिस्टर गाडी घेऊन वस्तीवर गेलो, तर तात्यांच्या रानात कोयते चालू. नेमकी त्याच दिवशी उसाची तोड आलेली. ज्यांना ऊस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारखान्याची टोळी आली आणि मालक बांधावर नसला तर ती दुसऱ्याच्या रानात जाते, मग तुमचा ऊस उन्हात वाळत उभा. तात्यांना हलता येत नव्हतं. पोरगा कारखान्यावर. आणि सुनेला एकटी पुण्याला पाठवायची त्या घरात रीत नव्हती.

"फुडल्या म्हैन्यात बगू," तात्या म्हणाले.

"ही तारीख गेली की पुढली उन्हाळ्यात," मी म्हटलं.

"मग उन्हाळ्यात."

मी ओट्यावर बसलो. "बरं. मी बसतो."

"बसा की. च्या टाका गं."

चहा आला. माझ्यापुढं ठेवला. मी हात लावला नाही. तात्या रानात गेले, टोळीवर ओरडून परत आले. चहावर साय धरली होती.

"च्या घ्या, आबा."

"पोरगी गाडीत बसली की घेतो."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. "माझ्या दारात येऊन च्या न घेणारा माणूस अजून जल्माला आला न्हाय."

"आज आला म्हणायचं."

आमच्याकडं दारातला चहा नाकारणं म्हणजे भांडण मांडणं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, दोन आडमुठी म्हातारी माणसं, मध्ये कप. सिस्टर एकदा माझ्याकडं बघायच्या, एकदा घड्याळाकडं.

मग पूनम बाहेर आली. साडी बदललेली, पोरगी काखेत, हातात पिशवी. ओट्याच्या कडेला उभी राहिली. "मामंजी, मी जाऊ का?"

तात्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. सिस्टरांकडं बघितलं. "ह्या बाई असणार संगं?"

"मी आहे, तात्या. दिवे लागायच्या सुमाराला परत आणून सोडते. तुमची सून ती माझी भाची समजा."

तात्यांनी तोंड रानाकडं वळवलं. ऊस पडत होता. शेवटी म्हणाले, "च्या गार झाला. दुसरा टाकाय सांगतो."

"बसू दे आधी."

पूनम जाऊन गाडीत बसली. मी तोच गार चहा उभ्यानं पिऊन टाकला, सायीसकट. दुसऱ्यासाठी थांबलो असतो तर कदाचित तात्यांचं मन फिरलं असतं.

पुढचं लवकर सांगून टाकतो, कारण त्यात नुसत्या फेऱ्याच आहेत. दोन्ही कान जवळजवळ गेलेले निघाले. मशीन काही महिने लावून बघितली, भागलं नाही. पोरीचं तिसरं वर्ष संपायच्या आत ऑपरेशन झालं. कानामागं आत एक भाग बसवतात आणि बाहेरून एक यंत्र लावतात. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी ते यंत्र चालू करतात. त्या दिवशी तात्या स्वतः आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. नातीला पहिली हाक आपणच मारायची हे त्यांनी गाडीत बसायच्या आधीच ठरवलेलं.

यंत्र चालू केलं तशी पोरगी दचकली आणि भोकाड पसरलं. सगळ्यांचे डोळे भरले. ती शांत झाल्यावर तात्या तिच्या मागं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ईसू."

पोरगी वळली नाही.

"ईश्वरी." पोरगी खुर्चीच्या हाताशी खेळत बसली.

तात्यांचा चेहरा मला आठवायला नको वाटतो. म्हणाले, "न्हाय झालं मग."

तिथं बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या, वयानं लहान, पण घाई न करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, तिला ऐकू आलंय. पण हा जो आवाज आला तो म्हणजे आपण, हे तिला कसं कळणार? तिला नाव आहे हेच तिला माहीत नाही. आज ती जन्मली असं धरा. आता घरी तिच्याशी बोलत राहायचं. करताय ते, दिसतंय ते, सगळं तोंडानं सांगायचं."

"किती येळ?"

"दिवसभर. ती जागी आहे तोवर."

भिगवण आलं तसे तात्या माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "आबा, दिवसभर काय बोलत्यात ओ माणसं?" मीही कुठं बोलणारा आहे.

त्यानंतर वर्षभरात गाडीचं कंत्राट दुसऱ्याकडं गेलं. माझ्या डोळ्यांचंही खरं नव्हतं. निरोप समारंभात नारळ दिला, तो घरी येऊन फोडला. मॅडमची बदली झाली. मी किती वर्षं हिंडलो आणि किती पोरं वेळेवर सापडली ह्याचा हिशेब मी करत नाही, कारण घरी ठेवलेली किती होती ते कुणालाच माहीत नाही. झोप लागत नाही तेव्हा वरकुट्याचं पोरगंच डोळ्यांपुढं येतं. ईश्वरी येत नाही.

मागच्या थंडीत अंथुर्ण्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवल्यावर पाय आपोआप वस्तीकडं वळले. वाटेत मंगलताई भेटल्या. "तात्यांकडं निगाला व्हय? जावा. लोक म्हंत्यात तात्याला म्हातारचळ लागलाय. रानात एकटाच बडबडतुया."

लांबूनच ऐकू आलं. हा तोच माणूस, दिवसाला मोजून बोलणारा. घसा पार खरवडलेला. हौदापाशी म्हैस होती, तात्या बादली घेऊन वाकलेले, आणि ईश्वरी हौदाच्या कडेवर बसलेली, कानामागं यंत्र.

"ह्ये पाणी. पाणी वतलं. म्हशीला तहान लागली. म्हस पाणी पिती. आता शेपूट हालवती. गोमाशी बसली. गोमाशी उडाली. आता आपण वैरण टाकू. ही वैरण. हिरवी वैरण. वाळली वैरण. ह्यो कोण आला? आबा आला. आबा म्हातारा झाला."

मी म्हटलं, "तुम्ही कुठं पोरगं राहिलाय."

"गप ऱ्हावा. शिकवणी चालू हाय," तात्या म्हणाले आणि परत म्हशीकडं वळले. शेणाचं सांगितलं, दाव्याचं सांगितलं, खुराचं सांगितलं. पूनम गोठ्यात झाडत होती. ती म्हणाली, "दोन वरसं झाली, असंच. झोपंत बी बोलत्यात." बारामतीला शिकवणीला ती आता पोरीला घेऊन एकटीच जाते, यष्टीनं, आठवड्याला. पोरगी पाणी म्हणते, आई म्हणते, नको म्हणते, पण बाहेरच्याला उमगत नाही. बरोबरीची पोरं गाणी म्हणतात. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

तात्यांचं खुरावरून परत शेपटावर आलं. तेवढ्यात ईश्वरीनं हौदावरून खाली उडी मारली, त्यांचं धोतर ओढलं, आणि कपाळाला आठ्या घालून काहीतरी म्हणाली.

तात्या थांबले. बादली खाली ठेवली. "ऐकलं का? काय म्हणली?"

मला 'गप' एवढंच ऐकू आलं होतं, तेही अर्धंमुर्धं.

"आज्जा गप, म्हणली," तात्या म्हणाले. "मला. आज्जा गप. पूनम, ऐकलं का गं?"

पूनम खराटा धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यभर जे ऐकलं तेच सांगितलं, नाही ऐकलं ते कधी सांगितलं नाही. ह्यावरून मी भावकीशी बोलणं तोडलंय.

"व्हय," मी म्हटलं. "आज्जा गप, म्हणली."

तात्यांनी बादली उचलली आणि मग खरंच गप्प बसले. चहा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.